संगीताच्या परीक्षेत काय मागतात?

‘मी संगीत विषय घेऊन बी.ए. करते आहे’ असे सांगितले की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘मग एखादे गाणे म्हणून दाखव की!’ आणि दुसरा, जरा थांबून, ‘पण गाण्याची परीक्षा घेतात तरी कशी?’ पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. शिवाय विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयारच असते : गळा गोड असला, चार गाणी पाठ असली, की गुण आपोआप पडत असणार. इतिहास-अर्थशास्त्राच्या मित्रमैत्रिणींना आमचा हेवा वाटतो तो याच समजुतीने. मुख्य विषय म्हणून संगीत घ्यावे की घेऊ नये, या विचारात असलेली प्रथम वर्षाची काही मुलेही हेच धरून चालली आहेत. म्हणून या वर्गात तीन वर्षे काढल्यावर मला जे कळले ते येथे मांडते. मी गायनाची विद्यार्थिनी असल्यामुळे उदाहरणे हिंदुस्थानी कंठसंगीताची आहेत; तबला-सतार शिकणाऱ्यांनी ती आपापल्या वाद्याला लावून घ्यावीत.

विद्यापीठ कोणतेही असो, अभ्यासक्रमाचा सांगाडा थोड्याफार फरकाने सारखाच असतो. रागांची एक यादी असते आणि तिचे दोन भाग पडतात. काही राग विस्ताराने गायचे, म्हणजे विलंबित लयीतला बडा ख्याल, त्याला जोडून द्रुत लयीतला छोटा ख्याल, आलाप, बोलआलाप, ताना. उरलेले राग सामान्य माहितीचे. त्यांचे आरोह-अवरोह, पकड, चलन आणि एखादी बंदिश एवढे आले पाहिजे. याखेरीज एखादे ध्रुपद किंवा धमार लयकारीसह, एखादा तराणा, आणि भजन किंवा नाट्यगीत असा एखादा प्रकार. तालांची यादी वेगळी. लेखी परीक्षेला शास्त्र आणि इतिहास. प्रात्यक्षिकाला बसतो तेव्हा ही सारी यादी परीक्षकांच्या हातात असते. आपल्या पसंतीचा राग सुरुवातीला गाऊन झाला की पुढचा कारभार त्यांच्या हाती जातो. ‘आता जरा अमुक रागाचे आलाप ऐकवा’, ‘तमुक तालाची दुगुण हातावर दाखवा’ असे सुरू होते, आणि पाठांतर कुठवर आहे व समज कुठून सुरू होते हे तेथे पाच मिनिटांत उघडे पडते.

पहिली अपेक्षा गाण्याच्या आधीची आहे. तंबोरा जुळवता आला पाहिजे. चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना आपण जोड म्हणतो, आणि शेवटची खर्जाची, एवढे कोणीही सांगेल. पण मालकंस गायचा असेल तर त्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमाला आणायची. मारवा किंवा पूरिया असेल तर पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणून ती निषादाला लावायची. आज इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइल यांनी हे काम सोपे केले आहे; बटण दाबले की काळी चार हजर. सोयीबद्दल माझी तक्रार नाही, सकाळच्या रियाजाला मीही तेच वापरते. तरीपण खुंटी पिळताना तार सुरात ‘मिळते’ तो क्षण कानाने पकडण्याची सवय बटणाने लागत नाही, आणि ज्याला तार मिळाल्याचे कळत नाही त्याला आपला गळा मिळाल्याचेही उशिरा कळते. म्हणून चांगले परीक्षक तंबोऱ्याकडे हात करून आधी गप्प बसतात. त्यांची परीक्षा तेव्हाच सुरू झालेली असते.

दुसरी अपेक्षा राग ओळखण्याची आणि वेगळा ठेवण्याची. बाहेरच्या माणसाला वाटते, राग म्हणजे स्वरांची यादी. तसे असते तर भूप आणि देसकार हे एकच झाले असते, कारण दोघांचेही स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी. राग पूर्वांगाचा, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची, थाट कल्याण. देसकारात धैवत वादी आणि गंधार संवादी. राग उत्तरांगाचा, वेळ सकाळची, थाट बिलावल. ही माहिती लेखी उत्तरात लिहिली की गुण मिळतात. प्रात्यक्षिकात ती गळ्यातून लिहायची असते. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलो की समोर बसलेले परीक्षक भुवई उंचावतात, कारण संध्याकाळच्या मैफलीत आपण नकळत सकाळ आणलेली असते. मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट तर याहून अवघड. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य; तिघांचेही स्वर तेच. मारव्यात रिषभ-धैवत राज्य करतात, पूरिया गंधार-निषादाच्या आधाराने मंद्रात रमतो आणि सोहनी तार षड्जाकडे झेपावते. ‘या तिन्हींचे दोन-दोन आलाप एकापाठोपाठ गा’ असे सांगितले जाते तेव्हा घरून तयार करून आणलेल्या ताना काही उपयोगाच्या नसतात.

तिसरी अपेक्षा लयीची. येथे आम्हाला गणित लागते असे सांगितले तर गणितवाले हसतील, पण धमार घेऊन पाहावे. धमाराच्या मात्रा १४, खंड ५, २, ३ आणि ४ मात्रांचे. बंदिशीची एका आवर्तनात बसणारी ओळ तिच्या मूळ लयीत गायल्यावर तीच दुगुणीत गायची आणि नेमकी समेवर यायचे. दुगुणीला सात मात्रा लागणार, म्हणून आठव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, उचलायचे. चौगुणीला साडेतीन मात्रा लागतात, म्हणून साडेदहा मात्रा सोडून अकराव्या मात्रेच्या मध्यावर सुरुवात. आणि तिगुणीला? चौदाचे तीन भाग केले की एकेक भाग चार पूर्णांक दोन तृतीयांश मात्रांचा. म्हणजे नऊ मात्रा पूर्ण आणि दहावीचा एक तृतीयांश भाग सोडून तोंड उघडायचे. हा हिशेब कागदावर कोणालाही जमेल. हाताने टाळी-खाली देत, तोंडाने गात, मान न हलवता आणि चेहऱ्यावर गणित न दिसू देता तो करायचा, ही अट आहे. पहिल्या वर्षी आमच्या वर्गातील मुले बसमध्ये, कँटीनमध्ये, मेसच्या रांगेत बोटांवर मात्रा मोजत असतात, त्याचे कारण आता वाचकांच्या लक्षात येईल.

चौथी अपेक्षा मंचावर बसण्याची. याला मंचप्रदर्शन म्हणतात आणि त्यात वेळेचे फार मोठे बंधन असते. समजा, बड्या ख्यालाला दहा मिनिटे मिळाली. विलंबित एकतालाच्या १२ मात्रा. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे. म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम बारा आवर्तने हाती येतात. त्यांपैकी दोन अस्थायी मांडण्यात गेली, दोन अंतऱ्यात. उरलेल्या आठांत मंद्रापासून तार षड्जापर्यंतची बढत, बोलआलाप आणि ताना, आणि प्रत्येक वेळी मुखडा घेऊन समेवर येणे. मैफलीतले बुवा किंवा बाई अर्धा तास गंधारावर घालवू शकतात. आम्हाला त्यासाठी दोन आवर्तने आहेत. म्हणून विद्यार्थ्याकडून खरी अपेक्षा असते ती निवडीची. काय गायचे याइतकेच काय गाळायचे हे ठरवून यावे लागते. ज्याने हे ठरवलेले नसते त्याचा अंतरा येतो न येतो तोच घड्याळाकडे बघणे सुरू होते आणि मग छोट्या ख्यालात तानांची पळापळ होते.

पाचवी अपेक्षा शास्त्राची. हा भाग आमच्याच मुलांना सर्वांत नावडता. ‘गायचे आहे, लिहायचे कशाला?’ हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतेच. पण स्वरलेखनाचेच पाहावे. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार सप्तकातला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत तोच बिंदू डोक्यावर दिला की स्वर मंद्र सप्तकातला. एका पद्धतीचे पुस्तक दुसऱ्या पद्धतीने वाचले तर बंदिश दोन मजले वर-खाली होऊन बसेल! ज्याला लिपी येते त्याला गुरू समोर नसतानाही एखादी जुनी बंदिश निदान ओळखीपुरती हाती लागते.

शास्त्राच्या पुस्तकात मला सर्वांत गंमत वाटली ती शार्ङ्गदेवाची. सहलीला दौलताबादचा किल्ला चढून आलेल्यांना सांगते, त्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला तेराव्या शतकात हा ग्रंथकार होता आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकांचे २५ दोष नोंदवले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, भीत भीत गाणारा तो भीत, डोळे मिटून गाणारा निमीलक, नाकात गाणारा सानुनासिक, भोपळ्यासारखे गाल फुगवून गाणारा तुंबकी, मान वाकडी करून गाणारा वक्री, तोंड भयंकर वासून गाणारा कराली. म्हणजे परीक्षकाची गुणपत्रिका सुमारे आठशे वर्षांपूर्वीच तयार होती! आमच्या वर्गात ही यादी शिकवली त्या दिवसापासून प्रत्येकाला आपापले विशेषण मिळाले आहे. माझे कोणते ते येथे सांगत नाही.

एवढ्या अपेक्षा वाचून कोणी म्हणेल, कला ही अशी यादीत बांधता येते का? हा प्रश्न खरा आहे आणि आमच्या क्षेत्रातील जाणत्यांनीही तो विचारलेला आहे. गुरूजवळ शिकणाऱ्याला एकच राग वर्षभर घोटावा लागे, आणि आपण एका सत्रात चार-पाच राग उरकतो, अशी टीका नेहमी ऐकू येते. तिला उत्तर देण्यापूर्वी यादी नव्हती तेव्हा काय होते ते पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना ती मिळवण्यासाठी घरदार सोडून दूर जावे लागले, गुरुगृही कष्ट उपसावे लागले. विद्या कधी मिळेल, किती मिळेल, मिळेल की नाही, हे सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर होते. बाळकृष्णबुवांचेच शिष्य, कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर, यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे वर्ग होते, क्रम होता, परीक्षा होती. इकडे मुंबईत वकिली केलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून घराण्यांतल्या बंदिशी गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९२६ साली लखनौला संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. या दोन्हींमागे भातखंडे होते. त्यांच्या कामाबद्दल मतभेद झाले, आजही आहेत. दहा थाटांत सारे राग बसत नाहीत हे आम्हालाही वर्गात शिकवतात. पण या दोन विष्णूंनी एक गोष्ट केली. गाणे शिकू इच्छिणाऱ्याला काय यायला हवे, हे त्यांनी उघड सांगितले आणि छापून ठेवले.

या छापील यादीचे मोल मला फार वाटते, कारण माझ्या घरी गाणे नव्हते. आजोबा गात नव्हते, वडिलांचा कोणी उस्ताद नव्हता, आणि आमच्या गावात भजनी मंडळापलीकडे संगीताची सोय नव्हती. माझ्यासारख्या मुलामुलींना घराण्याच्या दारातून आत जाता येत नाही. आम्ही प्रवेश-अर्ज भरून आत येतो. अभ्यासक्रमाची चार पाने हातात पडली तेव्हा मला प्रथम कळले की आपल्याकडून नेमके काय हवे आहे. ते सर्वांकडून सारखेच हवे आहे, कोणाचा मुलगा किंवा कोणाची मुलगी म्हणून त्यात कमीजास्त नाही. ज्याच्या घरी तंबोरा पिढीजात आहे त्यालाही धमाराची तिगुण दहाव्या मात्रेच्या त्याच तृतीयांशावरून उचलावी लागते. अपेक्षा लिहून ठेवल्या की त्या दोन्ही बाजूंना बांधतात. विद्यार्थ्याने एवढे करावे. आणि एवढे करता यावे म्हणून संस्थेने त्याला वेळ, जागा आणि शिक्षक द्यावा.

यादीतील या दुसऱ्या बाजूबद्दल बोलणे भाग आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला एका सत्रात ३० तास असा हिशेब असतो. कागदावर तो भरपूर दिसतो. पण आम्ही वर्गात बाराजण. साठ मिनिटांचा तास बारांत वाटला की प्रत्येकाच्या गळ्याला पाच मिनिटे आली. त्यात मुलांचा षड्ज काळी एकच्या आसपास, मुलींचा काळी चार-पाचच्या आसपास; एका सुरात सगळ्यांनी गायचे तर अर्धा वर्ग खाली घुसमटतो किंवा अर्धा वर्ग वर ओढला जातो. आमचे शिक्षक तास संपल्यावरही थांबतात म्हणून निभावते. पण जे काम गुरू समोर बसवून करतो ते बारा जणांच्या घोळक्यात होत नाही, हे मान्य करायला हवे. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्राने आपल्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द लावला आहे, तो मला याच दृष्टीने सूचक वाटतो. वर्ग आणि गुरू यांची सांधेजोड केल्याशिवाय या विषयाचे चालत नाही. अभ्यास मंडळांना माझे ऐकू जाईल तर एवढेच मागेन की यादीतले दोन राग कमी करा आणि उरलेल्यांतल्या एकाला गायला अर्धा तास द्या. रुंदी थोडी घटेल, पण खोली कशाला म्हणतात ते तरी मुलांना एकदा कळेल.

काही जण विचारतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेतच, मग विद्यापीठाची वेगळी कशाला? प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आमच्यातील पुष्कळांनी चढलेल्या किंवा चढत असलेल्या आहेत आणि त्यांचा मोठा आधार होतो. विद्यापीठात फरक पडतो तो शेजारामुळे. येथे संगीताच्या शेजारी मराठी, मानसशास्त्र, इतिहास हे विषय बसलेले असतात. बंदिशीतली ब्रज भाषा, नाट्यसंगीताचा काळ, ऐकणाऱ्याच्या मनाचे व्यापार, यांचा विचार करायला येथे संधी आहे. ती संधी आम्ही पुरेशी घेत नाही, हेही खरे.

आता येणाऱ्या मुलांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. गळा साधारण असला तरी चालतो; कान आणि चिकाटी मात्र लागते. यादी हातात आली की पसंतीचा राग पहिल्या पंधरवड्यातच ठरवावा आणि तो रोज गावा; बाकीचे राग त्याच्याभोवती येत राहतील. टाळी-खाली आधी हातात मुरवावी, मग तिच्यावर गाणे बसवावे. आपले गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकले तर आपण आपल्याला माफ करतो. आणि एकच राग दोन गळ्यांतून ऐकावा. अमीर खाँ यांचा मारवा आणि वसंतराव देशपांडे यांचा मारवा एकापाठोपाठ ऐकला की रागाचे नियम कुठे संपतात आणि गायक कुठे सुरू होतो ते कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर समजते. परीक्षेत पहिला वर्ग मिळाला म्हणून मैफल मिळत नाही, आकाशवाणीची श्रेणीही मिळत नाही. त्या परीक्षा निराळ्या आणि त्यांचे परीक्षकही निराळे. विद्यापीठ आपल्याकडून मागते ते किमान. कमाल किती असावे हे ज्याने त्याने ठरवायचे.

शेवटी प्राध्यापकवर्गाला आणि इतर विषयांच्या मित्रांना एक विनंती. तानसेन आणि कानसेन ही जोडी आपण नेहमी बोलण्यात आणतो. आमच्या वर्गातून तानसेन निघेल असे आश्वासन मी देऊ शकत नाही, पण आम्हाला कानसेन हवे आहेत. परीक्षकांसमोर गाण्याआधी माणसांसमोर गायला मिळाले पाहिजे. महिन्यातून एका शनिवारी, तास सुटल्यावर, संगीत विभागाच्या खोलीत एखाद्या विद्यार्थ्याने अर्धा तास गावे आणि पंधरा-वीस जणांनी सतरंजीवर बसून ऐकावे, एवढी बैठक महाविद्यालयाने सुरू करून द्यावी. त्याला खर्च नाही. सतरंजी आहे, दोन तंबोरे आहेत. श्रोत्यांना राग ओळखता आला पाहिजे अशी अट नाही. गाणाऱ्याची सम चुकली तर ती ऐकणाऱ्यांना कळेल, आणि ती नेमकी साधली तर नकळत त्यांचीही मान हलेल.